मैदानात आल्यावर नदी खरंच मंदावते का?

शाळेच्या क्षेत्रभेटीच्या अहवालात एक वाक्य हमखास सापडतं: ‘डोंगरात नदीचा वेग जास्त असतो, मैदानात तो कमी होतो आणि समुद्राजवळ नदी संथ वाहते.’ पुष्कळदा हे वाक्य नदीत पाय बुडायच्या आधीच लिहून झालेलं असतं. मग मुलं सकाळभर टेप, मीटरपट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन पाण्यात उभी राहतात, आकडे घेतात, आणि आकडे भलतंच काही बोलायला लागले की ‘आमचं मोजायला चुकलं असेल’ म्हणून खोडून टाकतात. ते खोडलेले आकडे मला फार मोलाचे वाटतात.

या समजाच्या मुळाशी एक मोठं नाव आहे. विल्यम मॉरिस डेव्हिस या अमेरिकी भूगोलतज्ज्ञाने १८९९ मध्ये ‘भौगोलिक चक्र’ सविस्तर मांडलं. युवावस्था, प्रौढावस्था, वृद्धावस्था ही आपल्या पाठ्यपुस्तकातली विभागणी तिथूनच आली. डेव्हिस बोलत होते ते भूप्रदेश कसा झिजत जातो याबद्दल. पाण्याच्या वेगाचा त्यांनी काही तक्ता दिला नव्हता. पण वृद्ध म्हटलं की काठी टेकत चालणार, हे आपण परस्पर ठरवून टाकलं. शिवाय डोळ्यांची साक्ष होतीच. डोंगरातला ओढा फेसाळतो, गर्जतो. मैदानातली नदी आरशासारखी पसरलेली. वेगवान कोण, हे विचारायची गरजच काय?

१९५३ मध्ये लूना लिओपोल्ड या अमेरिकी जलशास्त्रज्ञाने हे खरोखर विचारलं आणि प्रवाहमापन केंद्रांच्या नोंदी काढून पाहिल्या. नदीच्या वरच्या अंगाकडून खालच्या अंगाकडे जाताना सरासरी वेग बहुधा थोडा वाढतो, निदान टिकून राहतो, असं त्यांत दिसलं. हा निष्कर्ष निघून सत्तर वर्षं उलटून गेली, तरी शाळेच्या तक्त्यापर्यंत काही तो पोचलेला नाही.

आता हे कसं होतं ते पाहू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. पाणी उतारावरून येतं ते गुरुत्वाकर्षणामुळे. घर्षण नसतं, तर शंभर मीटर उंचीवरून उतरलेल्या पाण्याला सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी जवळपास १६० किलोमीटर वेग आला असता. असा ओढा कुणी पाहिलेला नाही. वाहत्या पाण्याचा सरासरी वेग बहुतेक ठिकाणी सेकंदाला तीन मीटरच्या आतच राहतो. म्हणजे उतारावर मिळालेली जवळजवळ सगळी ऊर्जा वाटेतच खर्च होते: तळाशी घासण्यात, काठांना रेटण्यात, दगडांवर आपटून भोवरे करण्यात. तेव्हा नदीचा वेग समजून घ्यायचा तर ‘उतार किती?’ एवढं विचारून भागत नाही. ‘घासतं किती?’ हेही विचारावं लागतं.

घासण्याचा अंदाज घ्यायची एक सोपी युक्ती आहे. नदीचा आडवा छेद काढा. पाण्याने व्यापलेलं क्षेत्रफळ मोजा. मग पाणी जिथे जिथे जमिनीला टेकतं तेवढी लांबी मोजा: एक काठ, तळ, दुसरा काठ. याला ओला परीघ म्हणतात. क्षेत्रफळाला ओल्या परिघाने भागलं की जे येतं त्याला अभियंते हायड्रॉलिक रेडियस म्हणतात. हा आकडा मोठा असेल, तर बरंचसं पाणी जमिनीला न शिवता मधून निघून जातं. लहान असेल, तर जवळपास प्रत्येक थेंब घासत चालतो.

उदाहरणासाठी दोन काल्पनिक प्रवाह घेऊ. ओढा तीन मीटर रुंद, ३० सेंटीमीटर खोल. क्षेत्रफळ ०.९ चौरस मीटर, ओला परीघ ३.६ मीटर, भागाकार पाव मीटर. मैदानातली नदी १०० मीटर रुंद, पाच मीटर खोल. क्षेत्रफळ ५०० चौरस मीटर, ओला परीघ ११० मीटर, भागाकार साधारण साडेचार मीटर. ओढ्याच्या अठरापट.

रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याने १८८९ मध्ये मांडलेलं सूत्र आजही कालव्यापासून गटारापर्यंत सगळीकडे वापरतात. त्यात वेग हा हायड्रॉलिक रेडियसच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात आणि उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, आणि तळ जितका खडबडीत तितका कमी होतो. आता हिशेब करा. ओढ्याचा उतार शंभर मीटरला दोन मीटर, नदीचा शंभर मीटरला दोन सेंटीमीटर. उतार शंभरपट कमी झाला, पण वर्गमूळ घेतल्यामुळे वेगावर परिणाम झाला दहापटीचाच. रेडियस अठरापट वाढला, त्याचा दोन-तृतीयांश घात सुमारे सात. खडबडीतपणाचा गुणांक धोंड्यांच्या ओढ्यासाठी ०.०७ आणि वाळू-गाळाच्या नदीसाठी ०.०३ धरला, तर तिथे आणखी सव्वादोनपट फायदा. सात गुणिले सव्वादोन, भागिले दहा: सुमारे दीडपट. ओढा सेकंदाला ०.८ मीटरने चाललाय, ‘संथ’ नदी १.३ मीटरने. शंभरपट सपाट जागेवर येऊनही नदीच पुढे.

घातांक आणि वर्गमुळं पाहून कुणी इथवर येता येता गळालं असेल, तर त्यांनी फक्त एवढं धरून चालावं: खोल, गुळगुळीत पात्रात पाणी कमी घासतं, आणि ती सवलत कमी उताराचा तोटा भरून काढते.

मग ओढा वेगवान का भासतो? मोजणीच्या वेळी नीट पाहिलं तर उत्तर समोरच तरंगत असतं. वेग मोजायला पुष्कळदा संत्रं सोडतात. ते पाण्यात जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळे वाऱ्याने भरकटत नाही, आणि रंगामुळे लांबून दिसतं. दहा मीटर अंतर आखून ते ओढ्यात सोडलं की दोन धोंड्यांच्या फटीतून सणकन निघतं, पुढच्या धोंड्याच्या आडोशाला शिरतं आणि तिथेच गोल गोल फिरत बसतं. कधी चक्क उलटं, वरच्या अंगाला सरकतं. अर्धं मिनिट गेलं की कुणाचा तरी धीर सुटतो. काठीने ढोसून संत्रं मोकळं केलं जातं आणि तक्त्यात त्या फेरीपुढे शेरा पडतो: ‘बाद’. उरलेल्या, न अडकलेल्या फेऱ्यांची सरासरी काढली जाते. अर्थातच ती भरपूर येते!

पण अडकलेलं संत्रं हाच तर ओढ्याचा स्वभाव. त्यातलं पुष्कळसं पाणी कोणत्याही क्षणी पुढे जातच नसतं. ते मागे, आडवं, खाली फिरत असतं. पांढरा फेस आणि खळखळाट ही ऊर्जा वाया चालल्याची खूण आहे, वेगाची पावती नव्हे. म्हणूनच धोंड्यांच्या प्रवाहात जलशास्त्रज्ञ तरंगत्या वस्तूवर फारसे विसंबत नाहीत. ते पाण्यात मिठाचं द्रावण ओततात आणि खालच्या अंगाला पाण्याची विद्युतवाहकता कधी वाढते, कधी उतरते हे मोजतात. मीठ ‘बाद’ करता येत नाही. आडोशाला फिरत राहिलेलं मीठही उशिरा का होईना खाली येतं आणि हिशेबात धरलं जातं.

मैदानी नदीत याच्या उलट फसगत होते. काठाजवळ उभं राहून सोडलेलं संत्रं काठाच्याच मंद पाण्यात रेंगाळतं, आणि खरा वेग असतो दूर, मधल्या धारेत. शिवाय पृष्ठभागाचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो, म्हणून त्याला साधारण ०.८५ ने गुणतात, हेही तक्त्यात क्वचितच दिसतं.

लिओपोल्ड यांनी त्याच वर्षी, १९५३ मध्ये, थॉमस मॅडॉक यांच्यासह आणखी एक नेमका नियम मांडला. नदीच्या खालच्या अंगाला जाताना विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहून जाणारं पाणी, दहापट झाला, तर रुंदी सरासरी ३.२ पट, खोली २.५ पट आणि वेग जेमतेम १.२६ पट होतो. तिन्हींचा गुणाकार करून पाहा, दहा येतो. म्हणजे वाढीव पाणी सामावून घेण्याचं काम मुख्यतः रुंदी आणि खोली करतात, वेगाच्या वाट्याला थोडंच येतं. त्याच एका जागी पूर आला आणि विसर्ग दहापट झाला, तर मात्र वेग दुपटीहून अधिक वाढतो. त्यामुळे वरची मोजणी आज, खालची चार दिवसांनी, आणि मधे पाऊस, असं झालं तर तुलनेला काही अर्थ उरत नाही. आणि हा सरासरी नियम आहे. एखाद्या नदीत बंधाऱ्यामागे किंवा अचानक रुंदावलेल्या पात्रात वेग पडतोही.

नदीवर आलोच आहोत तर वळणाकडेही पाहू. वळणावर वरचं वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे फेकलं जातं, तिथे किंचित चढतं, आणि त्या दाबाने तळाचं मंद पाणी आतल्या काठाकडे ढकललं जातं. जेम्स थॉमसन या अभियंत्याने हे १८७६ मध्ये सांगितलं होतं. आइन्स्टाइन यांनी १९२६ मध्ये हीच गोष्ट चहाच्या पेल्यावरून समजावली: ढवळलेल्या चहात पत्ती कडेला न जाता तळाशी मधोमध गोळा होते ती याच आडव्या फेऱ्यामुळे. नदीत त्यामुळे बाहेरचा काठ पोखरला जाऊन डोह होतो आणि आतल्या काठाला वाळू साठते. ‘हा डोह बळी घेतो’ असं ज्या जागांबद्दल बोललं जातं, त्यांतल्या कितीतरी अशाच वळणावर असतात. आतल्या बाजूने घोटाभर पाण्यात निघालेला माणूस चार पावलांत गळ्याएवढ्या पाण्यात जातो, आणि बाहेरच्या काठाशी प्रवाह वरून खाली वळलेला असतो. तिथे नारळ फोडण्यापेक्षा खोलीची पाटी लावलेली बरी. मुलांना तर गुडघ्याच्या वर पाणी जाईल तिथे उतरवूच नये.

समुद्राजवळ मात्र नदी खरोखर मंदावते, निदान भरतीच्या वेळी. समुद्राचं पाणी तिला मागे रेटतं. इथे गाळ खाली बसतो, आणि त्याला मीठही मदत करतं. गोड्या पाण्यात एकमेकांपासून फटकून राहणारे चिकणमातीचे कण खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी जातात. ‘दोन समुद्र भेटतात पण मिसळत नाहीत’ असा एक व्हिडिओ वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यातली अलास्काच्या आखातातली दृश्यं म्हणजे हिमनद्यांचा बारीक गाळ घेऊन आलेलं नद्यांचं पाणी आणि खारा समुद्र यांच्यातली सीमा. ते मिसळतंच, फक्त वेळ घेतं. कुठल्याही मोठ्या नदीच्या मुखाशी अशी रेषा दिसू शकते, चमत्काराची गरज नाही.

किनाऱ्यावरचं मोजमाप त्या मानाने सोपं. लाट तिरपी येते, वाळू तिरपी वर चढवते, आणि परतताना पाणी उताराने सरळ खाली उतरतं. हा नागमोडी प्रवास लाटेगणिक होत राहतो आणि वाळू किनाऱ्याने सरकत जाते. समुद्रात आडवा बांध घातलेला असेल तर त्याच्या दोन्ही अंगांना वाळूची उंची मोजा, सरकण्याची दिशा तिथल्या तिथे कळते. इंग्लंडच्या चेसिल किनाऱ्यावर सुमारे २९ किलोमीटरच्या पट्ट्यात गोटे पश्चिमेकडे वाटाण्याएवढे आणि पूर्वेकडे मुठीएवढे आहेत. रात्री किनाऱ्याला लागणारे चोरटे व्यापारी म्हणे गोटा हातात घेऊन आपण कुठे आहोत ते ओळखत.

गोटे मोजताना पुन्हा तीच निवडीची खोड आड येते. मुलं सुबक, गुळगुळीत गोटेच उचलतात. गॉर्डन वोलमन या अमेरिकी नदी-अभ्यासकाने १९५४ मध्ये नदीतल्या दगडांसाठी दिलेली पद्धत सरळ आहे: पाऊल टाका, नजर वळवा, बोटाला जो पहिला लागेल तो उचला, असे शंभर. कंटाळवाणं आहे खरं, पण तरच आकड्यांना अर्थ.

किनाऱ्यावरच्या वाळूचा मोठा हिस्सा नद्यांनीच आणलेला असतो, म्हणून दोन्ही भेटी एकाच वहीत असाव्यात. नाईल नदीवरचं आस्वान धरण १९७० मध्ये पूर्ण झालं आणि गाळ त्याच्या जलाशयात अडकू लागला. तिकडे शेकडो किलोमीटर खाली त्रिभुज प्रदेशाचा किनारा आधीपासून झिजतच होता, आता ती झीज वाढली. लाटा वाळू नेत राहिल्या, भर घालणारं कुणी उरलं नाही. नाईलचा रोझेटा फाटा समुद्राला मिळतो त्या टोकाशी समुद्र इतका आत आला की भिंती बांधाव्या लागल्या. भिंतीमागची जमीन थांबली, आणि झीज भिंतीच्या टोकापलीकडच्या वाळूत सुरू झाली.