अडवायचं की काढून द्यायचं: डोंगरातल्या प्लॉटिंगमागची गोष्ट

सोलापुरात शिकलेला सिव्हिल इंजिनिअर मुळशी किंवा महाबळेश्वरकडच्या साइटवर गेला की पहिल्याच पावसाळ्यात त्याचं गणित उलटं होतं. आपल्याकडे त्याच्या अंगात मुरलेलं असतं ते पाणी अडवणं. सोलापूर जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर. महाबळेश्वरला जुलै २०२१ मध्ये एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला.

अडवण्याची ही सवय जुनी आहे. आदिला नदीवरचा एकरुख तलाव १८७१ मध्ये पुरा झाला. १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र निघालं. १९४२ मध्ये मुंबई प्रांताने जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला, आणि बांधबंदिस्ती हे सरकारी काम झालं. १९७२ च्या दुष्काळात तर गावोगावची माणसं बांध आणि पाझर तलावांच्या कामावर होती. इथे चांगलं काम म्हणजे पाणी शिवारात थांबलं पाहिजे, एवढंच.

घाटाचा धडा नेमका उलटा, पाणी काढून द्यायचा, आणि तो रेल्वेने आधी गिरवला. सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली, पण भोर घाट तेव्हा पुरा व्हायचाच होता. तो १८६३ मध्ये खुला झाला. म्हणजे तीन वर्षं आपल्याकडे रूळ होते आणि मुंबईच्या वाटेवर मधला डोंगर तसाच. खुला झाल्यावरही घाट शांत बसला नाही: १८६७ च्या पावसाळ्यात त्यातला एक मोठा पूल कोसळला. पुढे १९२० च्या दशकात या घाटातल्या बोगद्यांचं काम ज्या कंपनीने केलं, तिच्या मुळाशी सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. त्यांची सुरुवात बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटातून झाली होती. सपाटीवरचा माणूस घाटात कमी पडतो असं नाही, हे त्यातून दिसतंच.

बंगल्यांच्या प्लॉटिंगला जोर आला तो नंतर. २६ नोव्हेंबर १९९६ रोजी राज्याने थंड हवेच्या ठिकाणांसाठी खास विकास नियमावली काढली. २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरलं. एक-पाचचा नियमही याच ओघातला: पाच मीटर आडवं जाताना एक मीटरपेक्षा जास्त चढ असेल तर बांधकाम नाही. नियम साधा, पण मोजणीच्या आधीच जेसीबी फिरला असेल तर मूळ उतार कागदावर दिसतच नाही. माझ्या मते नियमावलीतली सगळ्यात मोठी फट हीच.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. अतिवृष्टी होतीच, पण उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाकडेही तेव्हा बोट दाखवलं गेलं. शेताच्या बांधाला पाणी तुंबलं की आपण खूश होतो. डोंगर कापून भरलेल्या मुरमात तेच पाणी साचलं की भराव जड होतो, मातीची पकड सुटते आणि अख्खा उतार सरकू पाहतो.

म्हणून अशा साइटवर रिटेनिंग वॉलच्या, म्हणजे भराव धरून ठेवणाऱ्या भिंतीच्या, जाडीइतकीच तिच्यातली पाणी बाहेर काढणारी भोकं महत्त्वाची. भिंतीमागे खडीचा थर नसेल तर या भोकांतल्या पाइपात गाळ बसतो. पुष्कळदा मालकच म्हणतो, ‘साहेब, भिंतीवर डाग पडतात, बुजवून टाका.’ गवंडी बुजवतो, वरून रंग लागतो. पुढच्या पावसात भिंत मधोमध फुगलेली दिसली, तर रंगाचे पोपडे खरवडून आधी ती भोकं शोधावी लागतात.