सरळ रेषेवर शॉक चालतो का?

"मॉनिटरवर सरळ रेषा आली, तरी शॉक देऊन हृदय पुन्हा सुरू करता येतं," हे वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आलंय. पडद्यावर तसंच दाखवतात, त्यामुळे खरं वाटणं साहजिक आहे.

डिफिब्रिलेटरचं, म्हणजे शॉक देणाऱ्या यंत्राचं, काम मात्र उलटं आहे. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये हृदयाचा स्नायू नुसता थरथरतो, रक्त पुढे ढकलत नाही. शॉक ही विस्कळीत विद्युत हालचाल क्षणभर थांबवतो, मग हृदयाचा स्वतःचा पेसमेकर (ठोक्यांचा ताल ठरवणारा हृदयातलाच भाग) ताल पुन्हा हाती घेऊ शकतो. सरळ रेषेत थांबवण्यासारखं काही उरलेलंच नसतं. तिथे मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबणं आणि औषधं, हाच उपचार.

पडताळायचं असेल तर कुठल्याही एईडी यंत्राची, म्हणजे स्वयंचलित डिफिब्रिलेटरची, माहितीपुस्तिका वाचा. पॅड लावल्यावर यंत्र आधी ताल तपासतं. सरळ रेषा दिसली, तर शॉक नाकारून छाती दाबत राहायला सांगतं.