वाट बघणारा प्रोग्रॅम

मी लिहिलेला पहिला प्रोग्रॅम हातातल्या यंत्रावर चालला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. २००२ सालचा मे महिना, सोलापूरचा उन्हाळा, पंखा गरम हवाच फिरवत होता. यंत्र होतं पाम एम१००, म्हणजे एक इलेक्ट्रॉनिक डायरी. आतेभावाने अमेरिकेहून येताना आणलेलं, तळहातावर मावणारं, दोन बारीक पेन्सिल सेलवर चालणारं. प्रोग्रॅम अगदी साधा. स्क्रीनवर एक आकडा आणि त्यासोबतची प्लॅस्टिकची काडी टेकवली की तो एकाने वाढणार. आकडा वाढला. पन्नासपर्यंत वाढवून मी समाधानाने बंद करायचं बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. दुसरं बटण दाबलं. आकडा तसाच. शेवटी टाचणी घेऊन यंत्राच्या पाठीवरच्या बारीक भोकात खुपसली, तेव्हा ते नव्याने सुरू झालं.

बंद करायच्या बटणाने यंत्र बंद का होऊ नये? या एका प्रश्नाचं उत्तर शोधताना मला प्रोग्रॅमिंगमधली जी गोष्ट कळली, ती आधी दोन वर्षं कॉलेजात सी भाषा शिकूनही कळली नव्हती.

आधी यंत्राची कुळकथा. या घराण्यातलं पहिलं यंत्र, ‘पायलट’, १९९६ साली बाजारात आलं. ते कसं असावं हे ठरवण्यासाठी पामचे संस्थापक जेफ हॉकिन्स यांनी लाकडाचा एक ठोकळा तासून घेतला होता. तो शर्टाच्या खिशात ठेवून ते हिंडायचे आणि कोणी भेटीची वेळ विचारली की तो काढून त्यावर लिहिल्यासारखं करायचे. आधी खिसा, मग सर्किट. त्या खिशाच्या मापात जे बसलं ते असं: १६ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोक्यांचा, मोटोरोलाचा ड्रॅगनबॉल प्रोसेसर, आडवे-उभे १६० ठिपके असलेली स्क्रीन, आणि सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये १२८ किलोबाइट मेमरी. माझ्या एम१०० मध्ये २ मेगाबाइट होती. हार्ड डिस्क कुठल्याच मॉडेलमध्ये नव्हती. आणि ते दोन सेल काही आठवडे पुरले पाहिजेत, ही अट सगळ्यांच्या वर होती.

आता माझ्या प्रोग्रॅमकडे येऊ. मी त्यात एक फेरा लिहिला होता. काडी टेकली का? नाही. टेकली का? नाही. टेकली का? सेकंदाला हजारो वेळा हाच प्रश्न. कॉलेजातल्या टेबलावरच्या संगणकावर असं लिहून खपून जायचं, कारण तो भिंतीतली वीज खात असतो. इथे तो फेरा सेल पीत होता. पण त्याहून मोठी चूक वेगळी होती. पाममध्ये बंद करायचं बटण हे यंत्राच्या दृष्टीने एक ‘इव्हेंट’ असतं, म्हणजे घडलेल्या घटनेची चिठ्ठी. काडी टेकली, एक चिठ्ठी. बटण दाबलं, एक चिठ्ठी. या चिठ्ठ्या रांगेत पडतात. चालू असलेल्या प्रोग्रॅमने त्यातली एकेक उचलायची आणि आधी यंत्रणेला, म्हणजे पाम ओएस या ऑपरेटिंग सिस्टिमला, दाखवायची: ‘ही तुमची आहे का?’ बंद करायची चिठ्ठी असेल तर यंत्रणा ती ठेवून घेते आणि यंत्र झोपवते. माझा प्रोग्रॅम रांगेकडे फिरकतच नव्हता. चिठ्ठी पडून होती, उचलणारा कोणी नव्हता.

म्हणून पामच्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात एकच छोटा फेरा असे. चिठ्ठी माग. ती आधी यंत्रणेला दाखव, मग मेनूला, मग आपल्या स्वतःच्या कामाची आहे का ते बघ, आणि उरली तर समोरच्या फॉर्मकडे, म्हणजे स्क्रीनवरच्या पानाकडे, सोपव. पुन्हा पहिल्या पायरीवर ये. सगळी जादू त्या पहिल्या पायरीत होती. चिठ्ठी मागताना किती वेळ थांबायचं हे सांगावं लागे, आणि बहुतेक प्रोग्रॅम सांगत: कायम थांब. रांग रिकामी असेल तर यंत्रणा प्रोसेसरला डुलकी घ्यायला लावी. घड्याळाचे ठोके पडत राहतात, पण एकही सूचना चालत नाही. काडी टेकली की तारेवरून इशारा जातो, प्रोसेसर जागा होतो, काही क्षणांत काम उरकून परत डुलकी. बटणाने बंद केलं तर त्याहून गाढ झोप. तेव्हा वेळ राखणारं घड्याळ आणि जागं करणारी तार एवढंच चालू राहतं आणि मेमरी तेवढी जिवंत ठेवली जाते. माणूस एक अक्षर लिहितो आणि दुसरं लिहायला काडी उचलतो, त्या मधल्या वेळात यंत्र झोपून घेत असे. दोन सेल आठवडे पुरायचे ते यामुळे.

हे मला खरं कळलं ते काकांच्या कारखान्यात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचे चादरीचे यंत्रमाग होते. सोलापुरात संगणकाचं नातं मागाशी जोडायचं म्हटलं की सगळे जॅकार्डच्या पुठ्ठ्यांकडे बोट दाखवतात. ते रास्तच आहे. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ मारी जॅकार्ड यांनी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवली. भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि धोटा आरपार जातो. आपल्या चादरीवरचा मोर असाच एकेका पुठ्ठ्याने विणला जातो. पण ती माळ म्हणजे माझा कॉलेजातला प्रोग्रॅम होता: पहिली सूचना, दुसरी सूचना, तिसरी, थांबायचं नाव नाही. पामचा प्रोग्रॅम कसा असतो ते पाहायला पुठ्ठ्यांवरून नजर काढून विणकराकडे बघावं लागलं. एक माणूस अनेक माग सांभाळत होता. तो एकेका मागापुढे उभा राहून ‘धागा तुटला का, धागा तुटला का’ असं बघत नव्हता. आडवा धागा तुटला की मागातला एक छोटा काटा तो नसल्याचं ओळखतो आणि माग आपोआप थांबतो. त्या खडखडाटात थांबलेला माग त्याला कसा ऐकू यायचा देव जाणे, पण यायचा. तो जायचा, धागा जोडायचा, माग सुरू करून परत यायचा.

पुढचे सहा महिने मी याच कारखान्यासाठी मजुरीच्या हिशोबाचा प्रोग्रॅम लिहिला. कोणत्या पाळीत कोणी किती चादरी उतरवल्या, आठवड्याचे किती पैसे झाले. साधनं फुकट होती. पामसाठी जुळवलेला जीसीसी कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत बदलणारं साधन, मित्राने पुण्याहून सीडीवर आणून दिला. संगणकाच्या स्क्रीनवर अख्खं पाम उभं करणारा एम्युलेटर होता. त्याला खऱ्या यंत्राच्या रॉमची, म्हणजे यंत्रणा साठवलेल्या कायमच्या मेमरीची, नक्कल द्यावी लागे, ती मी माझ्याच एम१०० मधून केबलने उतरवून घेतली. त्या एम्युलेटरमध्ये ‘ग्रेम्लिन्स’ नावाची एक सोय होती आणि तिच्याबद्दल मला अजून प्रेम आहे. एक क्रमांक दिला की ती प्रोग्रॅमवर हजारो वेड्यावाकड्या टिचक्या आणि अक्षरं फेकायची. प्रोग्रॅम कोसळला की तोच क्रमांक पुन्हा द्यायचा. त्याच टिचक्या त्याच क्रमाने येणार, म्हणजे चूक हमखास परत पकडता येणार.

मेमरीचं शिकणं सगळ्यात जास्त लांबलं. मूळ पायलटमध्ये चालू प्रोग्रॅमच्या कच्च्या कामासाठी राखलेली जागा फक्त ३२ किलोबाइट होती, आणि त्यातलाही वाटा यंत्रणा घ्यायची. उरलेली मेमरी म्हणजे गोदाम, त्यात सगळी कायमची माहिती. इतक्या थोड्या जागेत तुकडे घेत-सोडत गेलं की मध्ये मध्ये फटी उरतात. एकूण जागा पुष्कळ, पण सलग कुठेच नाही. यावर पामने शोधलेला उपाय सोलापूरच्या कुठल्याही सूत व्यापाऱ्याला लगेच पटेल. तुम्हाला सुताची गाठ, म्हणजे गठ्ठा, कुठे ठेवली आहे ते सांगत नाहीत, पावती देतात. गोदामवाला जागा करण्यासाठी तुमची गाठ इकडून तिकडे सरकवू शकतो, पावतीचा नंबर तोच राहतो. माल हवा असेल तेव्हा पावती दाखवायची; त्या वेळेपुरती गाठ जागेवर ‘लॉक’ होते आणि खरा पत्ता मिळतो. काम झालं की लॉक काढायचं. ते काढायला विसरलात तर ती गाठ मधोमध अडून बसते आणि गोदाम आवरता येत नाही. सुरुवातीला लॉक काढायला मी इतक्यांदा विसरलो, की पुढे लॉक लावणारी ओळ लिहिली की लगेच काढणारी ओळ लिहायची आणि मग मधला मजकूर भरायचा, अशी सवयच लागली.

गोदामात थेट लिहायलाही बंदी होती. पत्ता हातात असला तरी तिथे परस्पर काही लिहिलं की हार्डवेअरच हात धरायचं आणि स्क्रीनवर गंभीर चुकीची चौकट यायची. लिहायचं ते यंत्रणेच्या ठरावीक फंक्शनमधूनच. कारण उघड आहे. डिस्क नाही, म्हणजे ‘सेव्ह’ नावाची पायरीच नाही. जे मेमरीत आहे तीच एकमेव प्रत. भरकटलेल्या प्रोग्रॅमने शेजारच्या माणसाचे फोन नंबर पुसू नयेत, म्हणून ही भिंत.

काकांचा हिशोब मांडताना मी प्रत्येक नोंदीचं वेगळं रेकॉर्ड केलं होतं: कामगाराचा क्रमांक, पाळी, चादरी. तारखेला पाम फक्त दोन बाइट घेतं, दिवसाला ५ बिट, महिन्याला ४, वर्षाला ७. वर्षं १९०४ पासून मोजतात, म्हणून पाममधली तारीख २०३१ च्या पुढे जाऊच शकत नाही. अशी सगळी नोंद सहा बाइटांत बसली आणि मला फार अभिमान वाटला. मग हिशोब केला. प्रत्येक रेकॉर्डमागे यंत्रणा स्वतःच्या यादीत ८ बाइट खर्च करते. २० कामगार, दोन पाळ्या, वर्षाचे ३०० दिवस धरले तर १२,००० रेकॉर्डं, आणि नुसत्या यादीलाच ९६,००० बाइट. मालापेक्षा पावत्या जड! मग एका दिवसाचं एकच रेकॉर्ड केलं आणि त्यात त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी ओळीने बसवल्या. यादी ९६,००० वरून २,४०० बाइटांवर आली.

पैशांच्या बाबतीत चूक वेगळीच झाली. या प्रोसेसरला दशांश अपूर्णांकांची आकडेमोड अंगची येत नाही, ती सॉफ्टवेअरने करवून घ्यावी लागते आणि ती हळू असते. म्हणून सगळी रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवायची असं ठरवलं. ठरवलं ते बरोबरच होतं. पण त्यासाठी १६ बिटांचा पूर्णांक घेतला. चाचणीला ५५ चादरी आणि साडेसात रुपये दर असे आकडे भरले. यायला हवे होते ४१२ रुपये ५० पैसे. स्क्रीनवर आलं उणे २४२ रुपये ८६ पैसे. चिन्हासकट १६ बिटांत मोठ्यात मोठी संख्या बसते ३२,७६७, म्हणजे ३२७ रुपये ६७ पैसे. त्यापुढे एक पैसा वाढला की काटा उलट्या टोकाला जातो. ४१,२५० मधून ६५,५३६ वजा करा, तीच रक्कम मिळेल. ३२ बिट घेतले आणि प्रश्न मिटला. हा हिशोब कोणाच्या तरी घरी जाणारा होता, म्हणून त्यानंतर प्रत्येक संख्येची कमाल मर्यादा मी वहीत लिहून ठेवायला लागलो.

संगणकावर नोंदी उतरवल्या तेव्हा ५५ चादरींच्या १४,०८० झालेल्या दिसल्या, त्याचं कारण दोन बाइटांचा क्रम. पामचा प्रोसेसर मोठा बाइट आधी लिहितो, घरच्या संगणकातला छोटा आधी वाचतो. ५५ गुणिले २५६ म्हणजे १४,०८०.

स्क्रीनवर मराठी हवी हा माझा हट्ट होता. पाम ओएस ३ पासून स्वतःचा फॉन्ट देता येत होता, पण एका अक्षराला एक जागा आणि जागा २५६, जोडाक्षरांची जाण शून्य. ‘मजुरी’ आणि ‘पाळी’ जमले. ‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी उच्चारात क नंतर, पण कागदावर क च्या आधी; तिथे मी हात टेकले आणि दहा-बारा शब्द ठिपक्या-ठिपक्यांनी चित्रासारखे काढून बसवले. अकरा ठिपक्यांच्या उंचीत शिरोरेषा, अक्षर आणि खालचा उकार बसवायला एक अख्खा रविवार गेला.

काका ते यंत्र वापरू लागले. कागदी रजिस्टर मात्र त्यांनी सोडलं नाही. ‘हे बंद पडलं तर मी हिशोब कुठं बघू?’ जानेवारीत गड्ड्याची यात्रा आली, कारखाना बंद, यंत्र टेबलाच्या खणात. सेल संपत आलेले आहेत याकडे माझं लक्ष नव्हतं. यात्रेनंतर खण उघडला तेव्हा मेमरी कोरी होती. संगणकावर प्रत असायला हवी होती, हॉटसिंक, म्हणजे यंत्रातली माहिती संगणकाशी जुळवून घेणं, तर मी दर आठवड्याला करत होतो. पण पामच्या डेटाबेसच्या माथ्यावर एक बिट असतो, ‘माझी प्रत काढा’ असं सांगणारा. तो मी लावलाच नव्हता. एक बिट.

मग दोन संध्याकाळी आम्ही कारखान्याच्या ऑफिसात बसलो. काका चष्मा सारखा करून रजिस्टरमधली एक ओळ वाचायचे, बोट पुढच्या ओळीवर सरकवायचे, मी नोंद करायचो. दोन ओळींच्या मध्ये चारेक सेकंद जात. बाहेर माग खडखडत होते. माझ्या तळहातावरचं यंत्र तेवढ्यात डुलकी घेऊन, सहा कोटी चाळीस लाख ठोके पडू देऊन, पुढच्या ओळीसाठी पुन्हा जागं होत होतं.