जुन्या स्प्रेडशीट फायली नव्या संगणकावर उघडणे

जुन्या प्रोग्रॅममध्ये केलेले तक्ते, हिशेब आणि याद्या आजच्या संगणकावर वाचता व वापरता येतील अशा रूपात आणण्याची क्रिया. यात फाइल जुन्या माध्यमावरून उतरवून घ्यावी लागते, तिचा साचा (फॉरमॅट) ओळखून योग्य प्रोग्रॅमने ती उघडावी लागते आणि शेवटी पडद्यावरचे आकडे मूळचेच आहेत ना, हे पडताळावे लागते. या शेवटच्या कामाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. न उघडणारी फाइल निदान तसे सांगते तरी. निमूटपणे उघडून चुकीची तारीख दाखवणारी फाइल जास्त घातक.

घरगुती संगणकावरचा पहिला गाजलेला स्प्रेडशीट प्रोग्रॅम म्हणजे ॲपल २ साठी १९७९ मध्ये आलेला व्हिजिकॅल्क. १९८३ मध्ये लोटस १-२-३ आला आणि आयबीएम पीसीवर त्याने बाजार काबीज केला. महाराष्ट्रातल्या संगणक क्लासच्या पाट्यांवर नव्वदच्या दशकात ‘वर्डस्टार, लोटस, डीबेस’ ही त्रयी असायची ती यामुळेच. लोटसच्या फायलींना डब्ल्यूकेएस, डब्ल्यूके१, डब्ल्यूके३ अशी शेपटे (नावामागच्या टिंबानंतरची अक्षरे, म्हणजे एक्स्टेंशन) असत. मायक्रोसॉफ्टचे एक्सेल १९८५ मध्ये आधी मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आले. आयबीएमने १९९५ मध्ये लोटस कंपनी विकत घेतली आणि २०१४ मध्ये १-२-३ चा आधार (सपोर्ट) कायमचा बंद केला.

एक्सएलएस हे शेपूट फसवे आहे. एक्सेल २ पासून एक्सेल २००३ पर्यंत ते तेच राहिले, पण आतला साचा अनेकदा बदलला. एक्सेल ५ (१९९३) पासून एका फायलीत अनेक पाने मावू लागली. एक्सेल ९७ पासून अक्षरे युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत) साठवली जाऊ लागली. २००७ मध्ये एक्सएलएसएक्स आले. ती म्हणजे एक्सएमएल या खुणा घातलेल्या साध्या मजकुराच्या अनेक फायलींची झिप केलेली गठडी. शेपूट बदलून ‘झिप’ असे लिहिले की आत डोकावताही येते. म्हणून साचा ओळखताना शेपटावर विसंबू नये, फायलीचे सुरुवातीचे बाइट पाहावेत. एक्सएलएसएक्सची सुरुवात ‘पीके’ने होते, तर एक्सेल ५ ते २००३ च्या फायलींची ‘डी० सीएफ ११ ई०’ने. संकेतस्थळांवरून उतरवलेल्या कित्येक ‘एक्सएलएस’ फायली तर आतून साधे एचटीएमएल (वेबपानांच्या भाषेतले) तक्ते असतात. मग एक्सेल साचा आणि शेपूट जुळत नसल्याची सूचना देते आणि वापरणाऱ्याला वाटते, फाइल बिघडली.

नवे एक्सेल बऱ्याच जुन्या फायली वाचता येत असूनही मुद्दाम उघडत नाही. जुने साचे वाचणाऱ्या कोडमधल्या त्रुटींचा व्हायरस लिहिणारे फायदा घेत, म्हणून एक्सेल ४ आणि त्याआधीचे साचे मूळ मांडणीतच (डीफॉल्ट सेटिंगमध्येच) अडवलेले असतात. ट्रस्ट सेंटरमधल्या ‘फाइल ब्लॉक सेटिंग्ज’मध्ये जाऊन तेवढ्यापुरती ही अडवणूक काढता येते, काम झाले की ती पुन्हा लावावी. लोटसच्या फायलींची गोष्ट वेगळी. त्या वाचण्याची सोय एक्सेल २००७ मध्ये काढूनच टाकली. इथे मोफत मिळणारे लिब्रेऑफिस कॅल्क उपयोगी पडते. लोटस, क्वात्रो प्रो, डीबेस आणि एक्सेलच्या अगदी जुन्या फायली ते उघडते आणि बहुतेक सूत्रेही शाबूत ठेवते. त्यानेही भागले नाही, तर डॉसबॉक्ससारख्या, जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मूळ लोटसच चालवावे लागते, कारण ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचे प्रोग्रॅम चालत नाहीत. टॅव्हिस ऑर्मंडी या सुरक्षा संशोधकाने २०२२ मध्ये १-२-३ ची युनिक्स आवृत्ती आजच्या लिनक्सवर चालवून दाखवली.

उघडल्यावरचा पहिला घोळ तारखांचा. स्प्रेडशीटमध्ये तारीख ही एका ठरावीक दिवसापासून मोजलेल्या दिवसांची संख्या असते. लोटसने १९०० हे लीप वर्ष धरले होते, जे ते नव्हते. एक्सेलने लोटसच्या फायली जुळाव्यात म्हणून ही चूक जाणूनबुजून उचलली, त्यामुळे कधीच न उजाडलेली २९ फेब्रुवारी १९०० आजही एक्सेलमध्ये साठावा दिवस आहे. मॅकवरचे जुने एक्सेल १९०४ पासून मोजत असे. दोन्हींत १,४६२ दिवसांचा फरक पडतो. अशा फायलीतली १५ ऑगस्ट १९९७ ही तारीख विंडोजच्या नव्या वहीत नुसती चिकटवली, तर ती १४ ऑगस्ट १९९३ होऊ शकते. चार वर्षे आणि एक दिवस असा फरक दिसला, की कारण दुसरीकडे शोधायला नको.

सूत्रांचेही तसेच. एक्सेलमध्ये उणे चिन्ह आधी लागते आणि घात नंतर, म्हणून ‘-२^२’ चे उत्तर ४ येते. लोटसमध्ये ते उणे ४ होते. शिवाय आधीच्या आवृत्तीत जतन केलेली फाइल उघडताच एक्सेल सगळी सूत्रे नव्याने सोडवते. एका अक्षरालाही हात लावलेला नसताना बंद करताना ‘बदल जतन करायचे का?’ असे विचारले जाते ते यामुळे. जुन्या बिलावर आजची तारीख घालणारे सूत्र असेल, तर ते वीस वर्षांपूर्वीचे बिल आजच्या तारखेने समोर येते. म्हणून मूळ फायलीची प्रत आधी बाजूला काढून ती ‘फक्त वाचनासाठी’ करून ठेवावी आणि प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत.

जुन्या साच्याला ओळींची मर्यादाही असते: एक्सेल ९७ ते २००३ च्या एक्सएलएसमध्ये ६५,५३६, एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. नव्यातून जुन्यात जाताना मर्यादेपलीकडच्या ओळी गळतात. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेत पुढे गेली नाही, कारण प्रयोगशाळांची माहिती एक्सएलएस साच्यात भरली जात होती.

मराठी मजकुराच्या फायलींची अडचण सर्वांत चिवट. युनिकोड रुळण्यापूर्वीची कार्यालये पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकची आयएसएम अशा प्रणाली वापरत. त्यांत फायलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे व चिन्हांचे संकेतांकच साठत. फॉन्ट त्यांना देवनागरीचा पोशाख चढवी. तो फॉन्ट नव्या संगणकावर नसला, की नावांच्या रकान्यात कंस, अवतरणचिन्हे आणि विचित्र अक्षरे दिसतात. फॉन्ट टाकला की वाचता येते, पण शोध आणि क्रमवारी बिघडलेलीच राहते. या फॉन्टांमध्ये ऱ्हस्व वेलांटी लिहिताना दिसते तशीच, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठवली जाते. त्यामुळे यादी अकारविल्हे लावायला जावे तर किरण, दिलीप, निखिल आणि विजय एकाच ठिकाणी गोळा होतात. यावर उपाय युनिकोडमध्ये रूपांतर करण्याचा. मात्र कोणता रकाना कोणत्या फॉन्टात आहे हे आधी टिपून घ्यावे लागते. नाही तर रूपांतरक इंग्रजी रकानेही मराठी समजून बदलतो आणि खाते क्रमांकांचा बट्ट्याबोळ होतो. जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावेच लागतात.

पडताळणीसाठी सर्वांत भरवशाचा आधार म्हणजे त्या काळची कागदावरची छापील प्रत. ओळींची संख्या, रकान्यांच्या बेरजा, पहिली आणि शेवटची तारीख एवढे जुळले, तरी बहुतेक गडबडी उघड होतात. मॅक्रो (कामे आपोआप करणाऱ्या आज्ञांचे संच) मात्र सहसा पुन्हा लिहावे लागतात. लोटसचे मॅक्रो आजच्या एक्सेलमध्ये चालत नाहीत, एक्सेल ४ च्या मॅक्रोंना मायक्रोसॉफ्टने अलीकडे मूळ मांडणीतच बंदी घातली आहे. रूपांतरित फाइल एक्सएलएसएक्स किंवा ओडीएसमध्ये (लिब्रेऑफिसच्या साच्यात) ठेवावी. हे दोन्ही साचे आयएसओ मानके आहेत. सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फायलीत) केवळ आकडे व मजकूर उरतो, सूत्रे जातात. शिवाय मराठी सीएसव्ही थेट दोनदा क्लिक करून उघडली तर अक्षरे फुटू शकतात. ‘डेटा’ विभागातून यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) निवडून ती आत घ्यावी.