तबली, घोडी आणि मराठवाड्याची हवा: हातानं घडवलेल्या क्लासिकल गिटारची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडला कुणी हातानं क्लासिकल गिटार घडवायला घेतली, की पहिली चौकशी मागच्या फळीची होते. शिसवी कुठे मिळेल, किती जुनी, काय भावानं? चौकशी रास्त आहे, पण गिटारचा आवाज तिथे ठरत नाही. तो पुढच्या पातळ फळीत, म्हणजे तबलीत ठरतो. स्पेनच्या कारागिरांना हे उमगायला फार काळ लागला. आपल्या परंपरेनं तर नादाचा शोध दुसऱ्याच जागी घेतला.

त्या परंपरेचा मोठा दस्तऐवज मराठवाड्यातलाच आहे. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात, सिंघण राजाच्या काळी, म्हणजे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातला सहावा अध्याय वाद्यांचा. एकतंत्री, त्रितंत्री, किन्नरी अशा कितीतरी वीणा त्यात येतात, आणि त्या नुसत्या नावापुरत्या येत नाहीत. त्या घडवायच्या कशा तेही येतं. एकतंत्रीच्या वर्णनात तार आणि घोडीवरची (तार जिच्यावर टेकते तिच्यावरची) पट्टी यांच्यामध्ये वेळूची बारीक चिपटी सरकवायला सांगितली आहे. तिचं नाव ‘जीवा’. तानपुऱ्याच्या तारेखाली सुती दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेची गुंजती झणझण, खुलवणारा वादक आजही त्याच वाटेनं जातो. दौलताबादचा किल्ला बघायला येणाऱ्यांना तोफा आणि अंधारी दाखवली जाते, पण या ग्रंथाबद्दल सहसा कुणी चकार शब्द काढत नाही. मला याची खरोखर खंत वाटते.

म्हणजे आपल्याकडे नाद घोडीवर घडला. मिरजेच्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथेही आवाजावरचा शेवटचा हात घोडीवरच फिरतो. तुळजापूरच्या गोंधळ्याच्या तुणतुण्याला लाकडी तबलीच नसते, तार थेट कातड्याला ओढते. या संस्कारात वाढलेला कारागीर गिटारकडे वळला, की त्याचा हात आपसूक घोडी घासायला जातो. गिटारला मात्र घोडीवर अरुंद, स्वच्छ कड लागते. तार तिथे रुंद जागेवर टेकली, की झणझण सुरू होते, आणि तानपुऱ्यात जी शोभा तीच गिटारमध्ये दोष ठरते.

शार्ङ्गदेवानंतर काही दशकांनी, त्याच तेराव्या शतकात, स्पेनमध्ये दहाव्या अल्फोन्सो राजाच्या दरबारी हस्तलिखितांत गिटारच्या पूर्वजांची चित्रं रंगवली गेली. पुढे विहुएला हे गिटारसारखं स्पॅनिश तंतुवाद्य आलं, मग जोडतारांची छोटी गिटार, आणि १८०० च्या सुमारास सहा सुट्या तारा रूढ झाल्या. तरीही वाद्य लहान अंगाचंच राहिलं आणि त्याचा खर्ज दुबळा होता. कादिझ आणि सेव्हिलच्या कारागिरांनी अठराव्या शतकातच तबलीच्या आतून पंख्यासारख्या पसरणाऱ्या पट्ट्या चिकटवायला सुरुवात केली होती, पण त्या युक्तीचं सोनं केलं ते आंतोनियो दे तोरेसनं.

तोरेस १८१७ साली आल्मेरियाजवळ जन्मला. मूळचा तो सुतार. त्यानं गिटारचं अंग मोठं केलं, तारेची लांबी ६५० मिलिमीटरच्या आसपास स्थिरावली, आतल्या पट्ट्या बहुधा सात ठेवल्या, तबली पातळ केली आणि तिला हलका फुगवटा दिला. आज बनणारी बहुतेक प्रत्येक क्लासिकल गिटार याच आराखड्यावर उभी आहे. १८६२ साली त्यानं एक गिटार अशी केली, की तबली नेहमीसारखी चांगल्या लाकडाची, पण पाठ आणि बाजू कागदाच्या पुठ्ठ्याच्या. ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. शिसवीच्या शोधात पैसे आणि महिने घालवणाऱ्यानं या पुठ्ठ्याच्या गिटारचा जरूर विचार करावा. तोरेसच्या म्हातारपणी त्याच्याशी ओळख असलेल्या एका पाद्र्यानं नंतर लिहून ठेवलं, की आपलं गुपित अंगठा आणि तर्जनीच्या स्पर्शात आहे, ते मागे ठेवून जाता येणार नाही, असं तोरेस सांगे.

या स्पर्शामागचं गणित आता सांगता येतं. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. तबली अडीच मिलिमीटरवरून दोनवर आणली, तर ताठपणा जवळजवळ निम्मा होतो. सहा नायलॉन तारांचा मिळून ताण सुमारे ४० किलो. तो पेलण्याइतकी तबली ताठ हवी आणि तारेच्या अल्प शक्तीनं हलण्याइतकी हलकीही. तबलीसाठी वापरतात त्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या दोन फळ्या कधीच सारख्या नसतात, म्हणून ठरावीक मापाला रंधून भागत नाही. फळी वाकवून बघायची, बोटानं ठोकून ऐकायची, पुन्हा थोडं खरवडायचं. यंत्रावर एकाच जाडीत कापलेल्या प्लायवूडच्या तबलीत हे होतच नाही, आणि तो फरक नवशिक्यालाही ऐकू येतो.

पुढचा इतिहास वेगानं सरकतो. स्पेनचा गिटारवादक सेगोव्हिया यानं जर्मन कारागीर हाउझरची १९३७ ची गिटार जगभर ऐकवली. दुसऱ्या महायुद्धात आतड्याच्या तारा दुर्मिळ झाल्या, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आल्बर्ट ऑगस्टीननं नायलॉनच्या तारा तयार केल्या. १९६० च्या दशकात माद्रिदचा कारागीर रामिरेझ यानं स्प्रूसऐवजी सीडरची तबली आणली. ऑस्ट्रेलियाचा कारागीर स्मॉलमन यानं पट्ट्यांची जाळी विणून तबली आणखी पातळ केली. त्या गिटारचा आवाज मोठा आहे. मला स्वतःला जुना, सावकाश उलगडणारा आवाज अधिक भावतो.

लाकडाच्या बाबतीत आपण फार मागे नाही. ब्राझिलियन रोझवूडचा व्यापार १९९२ पासून आंतरराष्ट्रीय करारानं जवळपास बंद आहे, आणि त्याची जागा आपल्या काळ्या शिसवीनं त्याआधीच घ्यायला सुरुवात केली होती. मानेसाठी स्पेनमध्ये सेड्रेला नावाचं लाकूड वापरतात. सतारीचा तून तिचा जवळचा भाऊबंद, आणि दोघंही कडुनिंबाच्या कुळातले. उत्तम गिटारवर अंतिम हात फिरतो तो फ्रेंच पॉलिशचा, आणि ते होतं लाखेच्या चपडीपासून. ही लाख पिढ्यान्‌पिढ्या बहुतांशी भारतातून जगभर गेली. बाहेरून मागवावी लागते ती मुख्यतः तबली.

खरी अडचण हवेची आहे. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेनं फुगतं आणि आक्रसतं, लांबीत जवळपास नाही. भाद्रपदातल्या ओल्या हवेत तबलीला आडव्या पट्ट्या चिकटवल्या, तर एप्रिलच्या कोरड्या दुपारी तबली काही मिलिमीटर आक्रसू पाहते, पट्टी तिला सरकू देत नाही, आणि फळी उभी चिरते. उलट भर उन्हाळ्यात चिकटवली, तर पावसाळ्यात पोट फुगतं आणि तारा वर उचलल्या जातात. म्हणून सरसानं जोडायचं काम हवेतली आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास असतानाच करावं. आपल्याकडे असे दिवस दिवाळीनंतर बरेच मिळतात, पण भरवसा ठेवावा तो खोलीतल्या आर्द्रतामापकावर. तबलीची फळी त्याच खोलीत आधी काही आठवडे उघडी ठेवावी, आणि तयार गिटार उन्हाळाभर पेटीत, ओलाव्याची सोय करून ठेवावी. कूलरच्या थेट झोताखाली मात्र ती कधीच नको.