घरातली बंदूक कुणाला वाचवते?

निवडणुकीची आचारसंहिता लागली की कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडच्या गावांत एक वाद नेहमी रंगतो. परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात, आणि त्यात पीक संरक्षणासाठी घेतलेल्याही असतात. कुणाची बारा बोअर, कुणाची ठासणीची. "या दिवसांत गवा उसात शिरला तर काय करायचं?" हा शेतकऱ्याचा प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्या मागोमाग दुसरंही एक वाक्य येतं: "घरात हत्यार असलं की कोण वाटेला जातंय?" हे वाक्य मोजून तपासता येतं, आणि जगभरचे संशोधक पन्नासहून अधिक वर्षे तेच करत आहेत.

अमेरिकेत आर्थर केलरमन यांच्या गटाने १९९३ मध्ये तीन काउंट्यांमधल्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांतल्या), घरात झालेल्या खुनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खून झालेल्या घराची तुलना त्याच परिसरातल्या दुसऱ्या घराशी केली. बंदूक असलेल्या घरात खुनाचा धोका सुमारे २.७ पट निघाला, आणि मारणारा बहुतेकदा घरातला किंवा ओळखीचाच होता. यावर आक्षेप आला, आणि तो योग्यच होता: ज्यांना आधीपासून जिवाची भीती आहे तेच बंदूक घेत असतील, मग बंदुकीला दोष कसा द्यायचा?

या आक्षेपाला जास्त वजनदार उत्तर २०२२ मध्ये मिळालं. डेव्हिड स्टडर्ट आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या १.७ कोटींहून अधिक प्रौढांच्या १२ वर्षांच्या नोंदी तपासल्या. यातल्या कुणाच्याही स्वतःच्या नावावर पिस्तूल नव्हतं. काहींच्या घरातल्या दुसऱ्या माणसाकडे होतं, काहींच्या घरात कुणाकडेच नव्हतं. पिस्तूलधारकासोबत राहणाऱ्यांचा खून होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त आढळलं. घरातच जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं प्रमाण तर सुमारे सात पट, आणि अशा बळींपैकी ८४ टक्के स्त्रिया होत्या. मला या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा आकडा वाटतो. हत्यार घेताना डोळ्यांसमोर दरोडेखोर असतो. त्या घरात राहायचं की नाही हे मात्र त्या बाईला कुणी विचारलेलं नसतं.

असं का होतं? लिओनार्ड बर्कोविट्झ यांनी १९६७ मध्ये एक प्रयोग केला होता. आधी चिडवलेल्या विद्यार्थ्यांसमोर टेबलावर बंदूक ठेवली, तर ते समोरच्याला जास्त वेळा विजेचे झटके देत. हा प्रयोग फार गाजला, पण पुढच्या चाचण्यांत निकाल कधी जुळले, कधी नाही. त्यामुळे मी त्यावर भिस्त ठेवणार नाही. फ्रँकलिन झिमरिंग यांचं १९६८ मधलं शिकागोचं काम जास्त भक्कम आहे. चाकूहल्ले आणि गोळीबार यांची त्यांनी तुलना केली. भांडणाची कारणं बरीचशी सारखी, पण गोळीबारात जीव जाण्याचं प्रमाण सुमारे पाच पट. आपल्याकडेही बांधावरून किंवा पाण्याच्या पाळीवरून डोकी फुटतात आणि माणसं कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात टाके घालून घरी परततात. राग तेवढाच असतो. हातात काय आलं, त्यावर पुढचं ठरतं.

म्हणूनच कोलंबियातला प्रयोग आपल्यासाठी बोलका आहे. काली आणि बोगोटा या शहरांनी १९९० च्या दशकात पगारानंतरचे शनिवार-रविवार, सुट्ट्या आणि निवडणुकीचे दिवस निवडून परवानाधारकांनाही बंदूक घेऊन फिरायला बंदी केली. बंदीच्या दिवसांत खुनांचं प्रमाण कालीमध्ये १४ टक्के, बोगोटात १३ टक्के कमी राहिलं.

उलट बाजूही मांडली गेली आहे. जॉन लॉट आणि डेव्हिड मस्टर्ड यांनी १९९७ मध्ये दावा केला की बंदूक बाळगायची परवानगी सोपी केलेल्या अमेरिकी राज्यांत हिंसक गुन्हे घटले. २००४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने सगळा पुरावा पुन्हा तपासला. हा निष्कर्ष काढण्याइतका आधार तिला सापडला नाही. पुढे जॉन डोनोह्यू यांच्या गटाने २०१९ मध्ये हिशेब मांडला: सवलतीनंतर दहा वर्षांनी त्या राज्यांत हिंसक गुन्हे अपेक्षेपेक्षा १३ ते १५ टक्के जास्त.

खुनाइतकीच, किंबहुना जास्त चर्चा व्हायला हवी ती आत्महत्येची. अमेरिकेत गोळीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. जीव द्यावासा वाटण्याची तीव्र लाट अनेकदा थोडा वेळच टिकते, आणि प्रयत्नातून वाचलेल्या दहापैकी सुमारे नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. त्या लाटेत जीवघेणं साधन हाताशी नसणं, एवढ्यानेही माणूस वाचतो. श्रीलंकेने हे शेतीत करून दाखवलं. १९९५ पासून तिथे अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि वीस वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. भाताचं उत्पादन मात्र घटलं नाही. उसाच्या पट्ट्यात घरोघरी फवारणीचं औषध असतं, तेव्हा ही गोष्ट बंदुकीइतकीच आपलीही आहे. मन फार खचलं असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येतं.

गवे आणि रानडुकरं आहेत, तोवर काही शेतकऱ्यांना बंदूक लागणार. पण ती कशी ठेवली आहे, यानेही फरक पडतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेव्हिड ग्रॉसमन यांच्या अभ्यासात बंदूक रिकामी ठेवणं, कुलपात ठेवणं, काडतुसं वेगळी आणि तीही कुलपात ठेवणं, या प्रत्येक सवयीसोबत मुलांच्या अपघाती जखमा आणि आत्महत्येचे प्रयत्न कमी आढळले. आचारसंहिता उठल्यावर बंदूक ठाण्यातून परत आणाल, तेव्हा घरात तिच्यासाठी कुलूप आधीच बसवून ठेवा. काडतुसांसाठी दुसरं घ्या. फवारणीच्या डब्यांसाठीही एक पेटी करून घ्या.