साधा खिळा आणि स्टीलचा खिळा: फरक भट्टीत पडतो

हार्डवेअरच्या दुकानात खिळे मागितले की दुकानदार विचारतो, ‘साधे की स्टीलचे?’ साधे लोखंडाचे आणि स्टीलचे पोलादाचे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात दोन्ही पोलादच. फरक आहे तो कार्बनच्या प्रमाणाचा, आणि त्याहून जास्त, खिळ्याला आकार आल्यावर त्याचं पुढे काय करतात याचा.

सुरुवात दोघांची सारखीच. रोलिंग मिलमधून आलेल्या, बहुधा साडेपाच मिलिमीटर जाडीच्या सळईवर काळी खपली धरलेली असते. ती आम्लात बुडवून किंवा यंत्राने वाकवून काढतात. मग सळई थंडच, एकाहून एक बारीक भोकांच्या डायमधून ओढतात. वंगण म्हणून साबणाची भुकटी. ओढताना तार बारीक होते, तशी कडकही होते. साध्या खिळ्याचा कार्बन ०.१ टक्क्याच्या आसपास, त्यामुळे त्याच्या अंगात जो काही कडकपणा येतो तो मुख्यतः इथे.

खिळे पाडायचं यंत्र मात्र बघत राहावं असं. तार सरळ होऊन आत येते, दोन जबडे तिला घट्ट धरतात, बाहेर उरलेल्या टोकावर ठोसा बसतो आणि डोकं तयार होतं. तार खिळ्याच्या लांबीइतकी पुढे सरकते आणि कातऱ्या तिला दोन्हीकडून चिमटून तोडतात. त्या तोडण्यातच चौधारी टोक घडतं. मिनिटाला शेकडो खिळे पडतात. खिळ्याच्या डोक्याखाली बारीक आडव्या रेघा दिसतात, त्या या जबड्यांच्या पकडीच्या. शेवटी पिंपात लाकडाच्या भुशाबरोबर घोळवले की तेल आणि कडेची कुसं निघून जातात. साधा खिळा झाला.

स्टीलच्या खिळ्याचं खरं काम इथून पुढे. त्याच्या तारेत कार्बन साधारण अर्धा टक्का असतो, म्हणून तो कठीण करता येतो. भट्टीत ८०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून त्याला तेलात बुडवतात. लोहार विळ्याला पाणी देतो, तीच ही क्रिया. नुसता एवढ्यावर सोडला तर खिळा ठिसूळ राहील, म्हणून पुन्हा कमी आचेवर तापवून त्याचा ताण उतरवतात. मग गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा. यात एक धोका दडलेला आहे: आम्लाने धुताना आणि विजेने मुलामा चढवताना हायड्रोजन पोलादात शिरतो, आणि असा कठीण खिळा नंतर ताणाखाली अचानक तडकू शकतो. त्यावर उपाय म्हणजे मुलाम्यानंतर त्याला सुमारे २०० अंशांवर काही तास शेकणं. हे शेकणं झालं की नाही, ते चकाकीवरून कळत नाही. खिळ्याची पारख चमक पाहून करू नये, ती याचसाठी.

ओळखायचं असेल तर कानस फिरवून बघा. साध्या खिळ्यात ती चावते, कडक स्टीलवरून घसरते.

साधा खिळा वाकतो म्हणून त्याला कमी लेखू नका. आंब्याच्या लाकडी पेटीत आरपार गेलेलं टोक मागून दुमडता येतं, ते याच मऊपणामुळे. तिथे स्टीलचा खिळा मोडेल. लाकडाला साधाच हवा. विटांची सिमेंटने गिलावा केलेली भिंत असेल तर स्टीलचा. काँक्रीटच्या पक्क्या कॉलममध्ये जड वस्तू टांगायची असेल, तर मी दोन्ही खिळे बाजूला ठेवून ड्रिल आणि प्लगच वापरा म्हणेन.

स्टीलचा खिळा ठोकताना डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण तो वाकण्याऐवजी तुटतो आणि तुकडा गोळीच्या वेगाने उडतो. तिरका जाऊ लागला तर आडवे घाव घालून सरळ करू नका. पकडीने उपटा आणि नवा घ्या.